शाश्वत डिझाइनमध्ये करिअर करताय? या चुका टाळा

सुती पिशवी चांगली आणि प्लास्टिकची वाईट, हे मी कित्येक वर्षं डोळे झाकून सांगत होते. मग २०१८ मध्ये डेन्मार्कच्या पर्यावरण यंत्रणेने पिशव्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार साधी सुती पिशवी निव्वळ हवामानबदलाच्या हिशेबात दुकानातल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायची, तर किमान ५२ वेळा वापरायला हवी. सगळे पर्यावरणीय निकष धरले तर ७,१०० वेळा, आणि सेंद्रिय कापसाची असेल तर २०,००० वेळा. हा आकडा मिळाल्यावर काही जण उलट्या टोकाला गेले आणि प्लास्टिकची वकिली करू लागले. त्या अभ्यासात उघड्यावर फेकलेल्या, वाहून समुद्रात गेलेल्या प्लास्टिकचा त्रास हिशेबात धरलेलाच नव्हता. डेन्मार्कमध्ये तसा कचरा नगण्य होतो, असं गृहीत धरलं होतं. म्हणजे आकडा खोटा नव्हता, पण तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे दोन्हीकडच्या कुणी पाहिलं नाही.

शाश्वत डिझाइनच्या, म्हणजे पर्यावरणाचा विचार करून वस्तू घडवण्याच्या क्षेत्रात लोक स्ट्रॅटेजी करतात, शिकवतात आणि वस्त्यांमध्ये, गटांमध्ये कामही करतात. तिन्हीकडे घोळ होतो तो बहुधा एकाच कारणाने: आपण खिशात उत्तर घेऊन जातो, आणि निर्णय कुणाच्या हातात आहे हे विचारायचं राहून जातं. मीही यातल्या बहुतेक चुका केल्या आहेत.

मटेरियलच्या प्रेमात पडणं

नव्या माणसाची ही पहिली चूक. बांबू, कॉर्क, बुरशीपासून बनवलेलं पॅकिंग, काहीतरी एक आवडतं आणि मग दिसेल त्या वस्तूत ते घुसवलं जातं. टीममध्ये ‘हे हिरवं की ते’ असा वाद रंगला की समजावं, तुलना कशाची चालली आहे तेच ठरलेलं नाही. लाइफ सायकल असेसमेंट म्हणजे वस्तू बनण्यापासून फेकली जाईपर्यंतचा तिचा पर्यावरणावरचा परिणाम मोजणं. त्याची आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही आंतरराष्ट्रीय मानकं आधी नेमकं हेच ठरवायला लावतात. ‘एक लिटर रंग’ अशी तुलना करायची नसते. ‘इतक्या चौरस मीटरची भिंत वीस वर्षं झाकलेली राहणं’ ही तुलना झाली. मग स्वस्त रंग चार वेळा लावावा लागतो, हेही हिशेबात येतं.

दुसरा प्रश्न, वापरून झाल्यावर वस्तू जाते कुठे? पीएलए, म्हणजे मक्यासारख्या पिकांपासून बनवलेलं प्लास्टिक. त्याच्या कपावर ‘कंपोस्टेबल’ छापलेलं असतं. तो नीट कुजायला साधारण साठ अंश तापमान टिकवणारा औद्योगिक कंपोस्ट प्रकल्प लागतो. तसा प्रकल्प जवळपास नसेल तर तो कप म्हणजे साधा कचरा, आणि पीईटीच्या, म्हणजे पाण्याच्या नेहमीच्या प्लास्टिक बाटल्यांत मिसळला तर त्यांचंही रिसायकलिंग बिघडवतो. मटेरियल निवडण्याआधी कचऱ्याची गाडी कुठे रिकामी होते ते एकदा जाऊन बघा. अर्धे वाद तिथेच मिटतात.

स्ट्रॅटेजी म्हणजे स्लाइड्स

सुरुवातीच्या काळात एका कंपनीसाठी मी आणि माझ्या टीमने ऑफिसच्या खुर्चीचं काम केलं होतं. सीट आणि पाठ सात स्क्रूंवर बसवली होती, फोम खराब झाला की तेवढाच बदलता यावा म्हणून. सादरीकरण झकास झालं, टाळ्याही मिळाल्या. दीड वर्षाने तीच खुर्ची एका वेटिंग रूममध्ये दिसली. उलटी करून पाहिली तर स्क्रूंची भोकं बुजवलेली आणि कडेने गोंदाची पिवळट रेघ. फोन केल्यावर कळलं की खरेदी विभागाने जोडणीचा वेळ मोजला होता आणि गोंद लवकर होतो. दुरुस्तीचा वेळ कुणाच्याच तक्त्यात नव्हता.

चूक खरेदी विभागाची नव्हती. त्यांच्याशी मी एकदाही बोलले नव्हते.

तेव्हापासून पहिल्याच आठवड्यात विचारते: ही गोष्ट कुणाच्या वर्षाच्या टार्गेटमध्ये बसते, आणि कुणाच्या टार्गेटच्या आड येते? मग ‘दुरुस्तीयोग्य’ हा मोघम शब्द गाळून स्पेसिफिकेशनमध्ये लिहिते: एकाच पान्याने, इतक्या मिनिटांत, काहीही न मोडता सुटलं पाहिजे. बाहेरून कायद्याचा रेटा असेल तर काम आणखी सोपं होतं. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून काही उपकरणांवर दुरुस्तीचा दहापैकी गुण छापणं सक्तीचं केलं. त्यात माहितीपुस्तिका, उकलण्याची सोय, सुट्या भागांची उपलब्धता आणि त्यांची किंमत, सगळं धरलं जातं. असा गुण खोक्यावर छापायची वेळ आली की एरवी न येणारी माणसंही मीटिंगला येऊन बसतात.

विशेषणांवर भिस्त

‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘निसर्गस्नेही’. क्लायंटला हवेत म्हणून लिहून देऊ नका. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशानुसार, सिद्ध करता न येणारे असे मोघम दावे २७ सप्टेंबर २०२६ पासून तिथे चालणार नाहीत. कायद्याचं सोडा, असा शब्द खोटा ठरला की कंपनी विशेषण बदलून मोकळी होते आणि नाव मात्र तुमचं जातं.

वर्गात प्रवचन

शिकवायला लागले तेव्हा पहिल्या तासाला मीही सगळ्यांना घाबरवून सोडत असे. वितळणारे हिमनग, कचऱ्याचे डोंगर, आणि शेवटी तो लाडका आकडा: वस्तूचा ८० टक्के पर्यावरणीय परिणाम डिझाइनच्या टप्प्यावरच ठरतो. एका मुलीने हात वर केला. ‘मॅडम, हे ८० कुणी मोजले?’ मी तो आकडा दुसऱ्यांच्या स्लाइडवरून उचलला होता. त्या स्लाइडने तिसऱ्या कुठूनतरी. उत्तर देता आलं नाही, आणि उरलेला तास कसाबसा ढकलला. आता तो आकडा मी वापरत नाही.

त्याऐवजी बंद पडलेली इस्त्री देते. चौघांचा गट, एक ट्रे, एक वजनकाटा. प्रत्येक भाग काढायचा, तोलायचा, कशाचा आहे ते लिहायचं. गेल्या वेळी एका गटाला हँडलच्या आत लपलेला स्क्रू सापडायलाच पंचवीस मिनिटं लागली. तो तीन बाजूंच्या डोक्याचा निघाला, तसा पाना कुणाकडेच नव्हता. शेवटी प्लास्टिक तडकलं. त्या तडकण्याच्या आवाजानंतर ‘उकलण्याजोगं डिझाइन’ हे कुणाला समजवावं लागत नाही.

इथे एक छुपी चूक फार लोक करतात. ब्रीफमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या सूचनांमध्ये, दुरुस्ती, पुनर्वापर असं सगळं असतं आणि निम्मे गुण रेंडरिंगला, म्हणजे वस्तूच्या देखण्या चित्राला. विद्यार्थी हुशार असतात, ते ब्रीफ वाचत नाहीत, गुणांची विभागणी वाचतात. प्रोजेक्ट दिसायला देखणे आणि आतून पोकळ येत असतील तर मुलांना बोलण्याआधी स्वतःची गुणपत्रिका काढून बघा.

आणि वर्गाचा प्रोजेक्ट व क्लायंटचं काम एकत्र कालवू नका. विद्यार्थ्यांच्या फुकट श्रमांवर आपला अहवाल उभा राहिला, तर त्याला शिकवणं म्हणत नाहीत.

लोकांना विचारल्यासारखं करणं

दक्षिण आफ्रिकेतल्या ‘प्लेपंप’ची गोष्ट या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. मुलांनी खेळायचं चक्र फिरवायचं आणि त्यावर पाणी वर चढायचं. कल्पना इतकी गोड की २००६ मध्ये मोठमोठ्या देणगीदारांनी पैसा ओतला आणि २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचं ठरलं. पण मुलं हवं तेव्हा खेळतात, पाणी मात्र रोज लागतं. बायकांना ते जड चक्र हाताने फिरवावं लागलं, काही ठिकाणी तर चालू असलेले हातपंप काढून हे बसवले होते. ठरलेल्या लोकसंख्येला पाणी पुरवायचं तर मुलांना दिवसाला २७ तास खेळावं लागेल, असा हिशेब २००९ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने मांडला.

आपण एवढं मोठं काही करत नाही, पण रीत तीच असते. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या, फोटो काढायचे, आणि नकाशा आधीच छापायला गेलेला असायचा. लोकसहभागावर लिहिणाऱ्या अमेरिकन अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्येच लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. त्यात नुसतं विचारून घेणं चौथ्या पायरीवर येतं, आणि नागरिकांना खरी सत्ता सहाव्या पायरीपासून मिळते. बैठकीआधी एका कागदावर लिहा: आज काय बदलू शकतं आणि काय बदलू शकत नाही. तो कागद सुरुवातीलाच वाचून दाखवा. बदलण्यासारखं काहीच नसेल तर बैठक बोलावू नका, माहितीचं पत्रक वाटा.

नेतृत्व करणाऱ्याची शेवटची चूक उशिरा कळते, आपण निघून गेल्यावर. आम्ही काही जणांनी दुरुस्तीची सामायिक कार्यशाळा चालवली होती. दर रविवारी पंखे, खेळणी, सायकली दुरुस्त व्हायच्या. मला वाटायचं, आता हे लोकांचं झालं. कामानिमित्त मी दुसरीकडे गेले आणि चार महिन्यांत ती बंद पडली. भांडण नाही, पैशाचा प्रश्नही नाही. कपाटाची किल्ली एकच होती, हत्यारं उसनी देणाऱ्यांचे नंबर फक्त माझ्या फोनमध्ये होते, आणि रविवारी कुणी यायचं हे मी शनिवारी रात्री मेसेज करून ठरवत असे.

पुढच्या वेळी पहिल्या दिवशीच तीन किल्ल्या करून घेतल्या. दोन दुसऱ्यांकडे दिल्या. तिसरी माझ्याकडे कशाला, असं एका आजोबांनी विचारलं, तेव्हा तीही दिली.