कोकण आडवं फिरा: सह्याद्री ते समुद्र सहल आखताना या चुका टाळा

अलिबागपासून सुरुवात, मग मुरुड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, गणपतीपुळे, मालवण आणि शेवटी वेंगुर्ला. सगळं चार दिवसांत, समुद्राच्या कडेकडेने. पहिल्यांदा कोकणात निघालेल्या कितीतरी जणांचा बेत हाच असतो. नकाशावर तो सरळ रेषेसारखा दिसतो, म्हणून सोपा वाटतो. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी दुपारीच वेळापत्रक कोलमडतं, उरलेले दिवस गाडीत जातात आणि परत येऊन लोक रस्त्यांना दोष देतात. रस्त्यांचा दोष आहेच, पण मूळ चूक आखणीत आहे.

कोकण उत्तर-दक्षिण लांब दिसत असलं तरी त्याची घडण आडवी आहे. सह्याद्रीवरून निघालेल्या नद्या थेट पश्चिमेला धावतात आणि समुद्राला मिळताना रुंद खाड्या करतात. सावित्री महाडवरून बाणकोटला जाते, वाशिष्ठी चिपळूणवरून दाभोळला, शास्त्री संगमेश्वरवरून जयगडला, तर वाघोटन खारेपाटणवरून विजयदुर्गाला. जुन्या काळी गलबतं या खाड्यांतून आत यायची, माल घाटाखालच्या पेठेत उतरायचा आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर जायचा. प्रत्येक बंदराला आपली खाडी, आपली पेठ आणि आपला घाट होता. दाभोळ, चिपळूण आणि कुंभार्ली घाट ही अशी एक साखळी. वेंगुर्ला, राम घाट आणि बेळगाव ही दुसरी. माणसांची ये-जा, सोयरिकी, बोली, जेवणाच्या चवी या आडव्या पट्ट्यांमध्ये घडल्या. म्हणून एका सहलीत एक, फार तर दोन पट्टे घ्यावेत आणि ते घाटमाथ्यापासून समुद्रापर्यंत नीट पाहावेत, असं मला अगदी मनापासून वाटतं.

सागरी रस्त्यावर खाड्या विसरणे

किनाऱ्याने जाणारा रस्ता जागोजागी खाडीपाशी थांबतो. पुढे जायला जंगलजेटी, म्हणजे गाड्या वाहून नेणारी फेरीबोट. मुरुडकडून श्रीवर्धनकडे जाताना आगरदांडा ते दिघी, श्रीवर्धन तालुक्यातून मंडणगडात उतरताना बागमांडले ते वेश्वी, दापोलीहून गुहागरला दाभोळ ते धोपावे, आणि गुहागरहून गणपतीपुळ्याकडे तवसाळ ते जयगड. प्रवास छान असतो, पण संध्याकाळची शेवटची फेरी चुकली तर दाभोळवरून गुहागरला खेड-चिपळूणचा वळसा पडतो आणि दिवसाचा मोठा तुकडा त्यातच जातो. फेरीची वेळ आदल्या दिवशी मुक्कामाच्या घरी विचारून घ्यावी. सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर गाड्यांची रांग लागते, तेव्हा हाताशी दोन तास जास्तीचे असू द्यावेत. मोबाइलवरचा नकाशा कधी फेरीबोट धरून वेळ सांगतो, कधी ती सोडून. दोन्ही वेळा तो धक्क्यावरची रांग मोजत नाही.

घाट न निवडता उतरणे

पुण्याहून मालवणला जाणारे अजूनही मुंबई-गोवा महामार्ग गाठतात आणि मग अख्खं रायगड-रत्नागिरी ओलांडत बसतात. घाट मुक्कामावरून ठरवावा. दिवेआगर-श्रीवर्धनसाठी ताम्हिणी, चिपळूण-गुहागरसाठी कराडवरून कुंभार्ली, रत्नागिरी-गणपतीपुळ्यासाठी कोल्हापूरमार्गे आंबा, राजापूरसाठी अणुस्कुरा. कणकवली-मालवण-देवगडसाठी फोंडा किंवा गगनबावड्याचे करूळ आणि भुईबावडा, सावंतवाडी-वेंगुर्ल्यासाठी आंबोली. घाटावरच्या पुणे-कोल्हापूर महामार्गाने जमेल तितकं दक्षिणेला जायचं आणि मग एकदाच उतरायचं.

पावसाळ्यात मात्र यातला प्रत्येक घाट आदल्या दिवशी आणि निघायच्या सकाळी पुन्हा तपासायचा. भोर-महाड रस्त्यावरचा वरंध घाट दरडींमुळे वारंवार बंद ठेवावा लागतो, इतर घाटांतही रात्रीत माती खाली येते. धुकं असं उतरतं की पुढच्या गाडीचे दिवेही दिसत नाहीत. आंबोलीत वर्षाला सरासरी ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यामुळे किनाऱ्यावरच्या हॉटेलातून आभाळ पाहून घाटाचा अंदाज बांधणं धोक्याचं आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पुरात बुडालं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं. हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल त्या दिवशी आहात तिथेच थांबा. घाट बंद मिळाला तर पर्यायी म्हणून जवळचा अरुंद घाट शोधत भटकू नका. एकाच पावसाने शेजारचे घाटही सैल केलेले असतात. वर मोठ्या गावात मुक्काम करून पोलिस किंवा एसटी आगारातून रस्त्याची खबर घ्या. एसटी सुरू झाली असेल तर रस्ता सुरू झाला, असं स्थानिक लोक धरून चालतात आणि तो अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो.

एका नावाची दोन ठिकाणं

मुरुड दोन आहेत. जंजिऱ्याचं मुरुड रायगड जिल्ह्यात, तर हर्णै-कर्द्याजवळचं मुरुड दापोली तालुक्यात. घराचं आरक्षण एका मुरुडात आणि गाडी दुसऱ्यात, असं खरंच होतं. रायगड किल्ला महाड तालुक्यात आहे आणि रायगड जिल्ह्याचं मुख्यालय दूर अलिबागला. सिंधुदुर्ग स्टेशन ओरोसला आहे, सिंधुदुर्ग किल्ला मालवणच्या समुद्रात, मध्ये पंचवीस-तीस किलोमीटरचं अंतर. राजापूर रोड स्टेशन राजापूर गावापासून बरंच लांब पडतं. आरक्षण करताना गावाबरोबर तालुका लिहून घेतला की हा गोंधळ मिटतो.

कोकण रेल्वेचंही तसंच. ती समुद्राकाठाने धावते असा समज आहे, पण ती खाड्यांची रुंद तोंडं टाळत बरीच आतून, बोगदे आणि पूल ओलांडत जाते. दापोलीसाठी खेड, मालवणसाठी कुडाळ, गणपतीपुळ्यासाठी रत्नागिरी, आणि प्रत्येक ठिकाणी पुढे तासभर रस्ता. पहाटे उतरणार असाल तर रिक्षा आधी ठरवा. पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग कमी असतो, तेव्हा परतीच्या गाडीला जोडून दुसरं आरक्षण करू नये.

सगळं कोकण मालवणी धरणे

ही चूक मला सगळ्यात जास्त बोचते. अलिबागपासून पुढे दिसेल त्या खानावळीवर मालवणी जेवणाची पाटी असते, म्हणून पाहुणेही अख्खं कोकण मालवणी धरून चालतात. मालवणी ही सिंधुदुर्गाची, तळकोकणाची. रत्नागिरीकडे संगमेश्वरी बोलीचा हेल वेगळा. रायगडात आगरी आणि कोळी, वसईत वाडवळी आणि सामवेदी, डहाणू-जव्हारच्या डोंगरात वारली. किनाऱ्यावर कोकणी मुसलमानांची गावं आहेत, रायगडात बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यूंच्या, वस्त्यांच्या खुणा आहेत. राजकीय इतिहासही एक नाही. मुरुड-श्रीवर्धन १९४८ पर्यंत सिद्दींच्या जंजिरा संस्थानात होतं, सावंतवाडी स्वतंत्र संस्थान होतं, अलिबाग आंग्र्यांचं. सिंधुदुर्ग जिल्हा तर १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला. तिथल्या सावंतवाडी-दोडामार्गच्या लोकांना मोठ्या दवाखान्यासाठी गोवा जवळ वाटतं, चिपळूणकरांना कराड.

याचा प्रवाशाला थेट उपयोग आहे. अलिबाग-रेवदंड्याला आगरी-कोळी पद्धतीचं कालवण मागा, मालवणात मालवणी, आणि दोन्हींची तुलना करत चुकीचं शोधू नका. मुक्काम ठरवताना जेवणाचं आधी विचारा. गुहागर, दिवेआगर, आंजर्ले भागात घरगुती सोय करणारी कितीतरी घरं शाकाहारी आहेत, तिथे पोचून मासे मागितले की दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखं होतं. कोणाला "कुठले?" विचारलं तर बहुतेक जण जिल्ह्याआधी गाव सांगतात. गावाचं नाव नीट ऐकून पुढे बोललं की गप्पा मोकळ्या होतात. आणि वरून आलेल्याने "कोकणी माणूस असाच" म्हणू नये, खालच्याने पाहुण्याला "घाटी" म्हणू नये. दोन्ही शब्द मनाला लागतात.

सणांच्या तारखा न पाहणे

गणपतीत मुंबईचे चाकरमानी घरी येतात, घरं भरलेली असतात, म्हणून घरगुती मुक्काम मिळत नाही. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि या दिवसांचं पाहता पाहता संपतं. शिमग्यात रत्नागिरीकडे ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, पण सगळ्या गावांचा शिमगा एकाच दिवशी नसतो. काही गावांत तेरसेचा, काही गावांत पौर्णिमेचा. पालखी पाहायची तर नेमक्या गावात चौकशी करा. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख कौल लावून ठरते, ती दिनदर्शिकेत आधी सापडत नाही. त्या दोन दिवसांत मालवण-कणकवली पट्ट्यात खोली मिळणं अवघड.

मासळीलाही हंगाम आहे. १ जूनपासून दोन महिने यांत्रिकी नौकांना समुद्रबंदी असते. जुलैत ताजी सुरमई मागण्यापेक्षा खाडीचे मासे, चढणीचे मासे, सुकट-सोडे खा, आणि टाकळा, कुर्डू, भारंगीच्या रानभाज्या. पावसाळ्यात किल्ल्यांच्या बोटी आणि पाण्यातले खेळ बंद असतात, ते सुरू आहेत असं कोणी सांगितलं तरी बसू नये.

भरती-ओहोटी न विचारता पाण्यात उतरणे

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळा नव्हता. म्हणजे शांत दिसणारा हिवाळी समुद्रही भरवशाचा नाही.

भरतीची वेळ काढायची जुनी रीत कोळीवाड्यात अजून वापरतात: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला साधारण तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. हा ढोबळ अंदाज आहे, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहावी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप हटतंही. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फारसं हटत नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, पण हा फरक न समजता निघालेले लोक भांगाच्या दिवशी अर्ध्या वाटेत पाण्यात अडकतात. उधाणाच्या दिवशी ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते, म्हणून सायंकाळी गेलेल्याला अंधार पडता पडता परतावं लागतं. घोडागाडीवाल्याने "आता परत चला" म्हटलं की फोटो सोडून निघायचं. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर भरतीच्या वेळी खडकांवर लाटा आदळतात, तिथे पुजारी किंवा गावकरी अडवतील तर वाद घालू नये.

गाडी वाळूवर नेऊ नका. ओली वाळू वरून घट्ट दिसते, चाक एकदा रुतलं की भरती यायच्या आत ती निघेलच असं नाही. रुतलीच तर जोरात रेस देऊ नका. टायरमधली हवा कमी करा, चाकापुढची वाळू उपसून फळी किंवा झावळ्या घाला आणि लगेच गावात ट्रॅक्टरसाठी माणूस पाठवा.

रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू इथे कातळशिल्पं आहेत. त्यातली अनेक उघड्या जांभ्या दगडावर आहेत, सगळीकडे कुंपण नाही. चित्र उठून दिसावं म्हणून त्यावर पाणी ओतू नका, खडूने रेघ ओढू नका, बूट घालून वर चढू नका. सोबत गावातला माणूस घ्या, त्याला मानधन द्या. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. तिरप्या उजेडात कोरलेल्या रेषा स्पष्ट दिसतात, आणि एप्रिल-मेच्या दुपारी त्या कातळावर उभंही राहवत नाही.