गोड दुधाच्या स्प्रेडचे टॅरिफ वर्गीकरण: या चुका टाळा

आयात केलेल्या गोड दुग्धजन्य स्प्रेडची फाईल टेबलावर आली की नव्या माणसाचा हात आधी सर्चच्या चौकटीकडे जातो, आणि निम्मी चूक तिथेच होऊन बसते. इनव्हॉइसवर ‘डेअरी स्प्रेड’ लिहिलेले असते आणि टॅरिफमध्ये, म्हणजे सीमाशुल्काच्या वर्गवारीच्या यादीत, ०४०५ २० ०० या कोडसमोर तेच शब्द छापलेले असतात; ते जुळले म्हणजे काम झाले, अशा समजुतीने चेकलिस्ट (आयात घोषणापत्राचा कच्चा मसुदा) पुढे सरकवली जाते. वास्तविक दुग्धजन्य माल असलेल्या चौथ्या चॅप्टरच्या टिपांमध्ये डेअरी स्प्रेडची व्याख्या स्पष्ट दिलेली आहे: तेलात पाणी मिसळलेल्या प्रकारचे, पसरवता येणारे इमल्शन, ज्यात दुधाखेरीज दुसरा स्निग्धांश नाही आणि ज्यात दुधाचा स्निग्धांश वजनाने ३९ टक्के किंवा त्याहून अधिक, पण ८० टक्क्यांहून कमी आहे. ही जागा लोण्याच्या जातीच्या पदार्थांची आहे. दूध-साखर आटवून केलेल्या अर्जेंटिनाच्या दुल्से दे लेचेत नेहमीच्या प्रकारात ६ ते ९ टक्केच स्निग्धांश असतो. तो तिथे बसण्याचा प्रश्नच नाही.

बेकऱ्यांना माल पुरवणाऱ्या बडोद्यातील एका आयातदाराची अशीच एक फाईल, दुसरीकडे बिघडल्यानंतर, आमच्याकडे आली. बिल ऑफ एंट्री (आयातीचे घोषणापत्र) ०४०५ २० ०० खाली भरलेले होते आणि ते भरणारा मुलगा वारंवार एकच सांगत होता, “काका, सर्चमध्ये हेच आलं.” डब्याच्या लेबलवर दूध, साखर, ग्लुकोज सिरप, सोडियम बायकार्बोनेट आणि व्हॅनिला फ्लेवर असे घटक होते. स्निग्धांश ७ टक्के असल्याचे उत्पादकाच्या स्पेसिफिकेशन शीटवर लिहिलेले होते आणि ते शीट फाईलमध्येच पॅकिंग लिस्टच्या मागे टाचलेले होते. कोणी पान उलटले नव्हते, एवढेच. अधिकाऱ्यांनी नमुने काढले, प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत कंटेनर अडकून राहिला, डेमरेज (बंदरातील जागेचे भाडे) आणि डिटेन्शन (कंटेनर जास्त काळ ठेवल्याचे भाडे) दोन्ही चढत गेले, आणि शेवटी माल १९०१ ९० ९० खाली नव्याने आकारला गेला. घाईत वाचवलेली दहा मिनिटे आयातदाराला फार महागात पडली. माझी सवय अशी की लेबलवरील घटकांची यादी हाताने कागदावर उतरवून घेतल्याशिवाय मी टॅरिफ उघडत नाही. नव्या मुलांना हे जुनाट वाटते; वाटू द्यावे.

यानंतर खरा वाद ०४०२ आणि १९०१ यांच्यात असतो, आणि त्यासाठी हेडिंगचे, म्हणजे कोडच्या पहिल्या चार अंकांच्या गटाचे, शब्द सावकाश वाचावे लागतात. ०४०२ मध्ये आटवलेले किंवा साखर अथवा अन्य गोडी घातलेले दूध व साय येते. कंडेन्स्ड मिल्कची ०४०२ ९९ २० ही ओळ तिथलीच. दह्याच्या ०४०३ या हेडिंगमध्ये मात्र स्वाद, फळे, सुकामेवा आणि कोको घातला तरी चालेल असे स्पष्ट लिहिलेले आहे. शेजारच्याच हेडिंगमध्ये जी मुभा आहे ती ०४०२ मध्ये लिहिलेली नाही, याला अर्थ आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या कोणत्याही घरात आटवलेले दूध आणि वेलची-चारोळी घातलेली बासुंदी यांत कोणी गल्लत करत नाही. टॅरिफ वाचताना तेवढेच भान ठेवावे. व्हॅनिला, स्टार्च किंवा तत्सम घटक आला की ०४०१ ते ०४०४ मधील मालापासून केलेले खाद्य म्हणून १९०१ चा विचार सुरू होतो. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी पाम तेल वापरलेले असेल तर चॅप्टर नोटच तो माल चौथ्या चॅप्टरबाहेर काढते आणि १९०१ किंवा २१०६ (इतर खाद्यपदार्थ) कडे पाठवते.

कोको असलेल्या स्प्रेडमध्ये लोक लेबलवरची टक्केवारी तशीच उचलतात, हे अडाणीपणाचे आहे. १९०१ मधील दुधाच्या खाद्यांसाठीची ५ टक्क्यांची मर्यादा कोकोतील स्निग्धांश पूर्णपणे वगळून मोजायची असते. स्प्रेडमध्ये ६ टक्के कोको पावडर आहे आणि पावडरमध्ये २२ टक्के स्निग्धांश आहे असे धरल्यास हिशेब ४.६८ टक्के येतो, म्हणजे मर्यादेच्या आत. तीच पावडर ११ टक्के स्निग्धांशाची असेल तर ५.३४ टक्के, आणि माल चॉकलेट व कोकोच्या खाद्यांच्या १८०६ कडे जातो. पावडरचा स्निग्धांश उत्पादकाकडून लेखी मागवावा; तो आल्याशिवाय कोड लिहू नये.

निर्यातदाराचा कोड डोळे मिटून उतरवू नये. मर्कोसुर या दक्षिण अमेरिकी व्यापारसंघाच्या यादीत दुल्से दे लेचेला १९०१.९०.२० असा स्वतंत्र आकडा आहे, परंतु जगभर समान असतात ते पहिले सहा अंक. पुढचे दोन आपल्या टॅरिफमधूनच घ्यायचे.

‘गेल्या वेळी असेच सुटले होते’ हे कारण तर ऐकूनच कंटाळा येतो. स्वयं-आकारणीत, म्हणजे आयातदाराने स्वतःच शुल्क ठरवण्याच्या पद्धतीत, माल सुटणे म्हणजे वर्गीकरण मान्य होणे नव्हे. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २८ खाली साधारण प्रकरणात दोन वर्षांपर्यंत आणि माहिती दडवल्याचा ठपका आल्यास पाच वर्षांपर्यंत कमी भरलेल्या शुल्काची मागणी निघू शकते. आधी दर पाहून मग त्याला साजेसे हेडिंग शोधणाऱ्यांना हेच कलम पुढे भेटते.

माल निघण्यापूर्वी शेल्फ लाइफही पाहावी, कारण आयातीच्या वेळी निदान ६० टक्के किंवा मुदत संपण्यास तीन महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढी मुदत शिल्लक असावी असा अन्नसुरक्षेचा नियम आहे, आणि वर्गीकरणाच्या वादात नेमकी तीच खर्ची पडते.

एकच माल वारंवार आणायचा असेल आणि हेडिंगबद्दल खरोखर शंका असेल, तर त्याच कायद्याच्या कलम २८एच खाली ॲडव्हान्स रूलिंगसाठी (आयातीआधीच मिळणाऱ्या वर्गीकरणाच्या निर्णयासाठी) अर्ज करावा. निर्णय कायद्यात ठरवलेल्या मुदतीपर्यंत, किंवा कायदा अथवा वस्तुस्थिती बदलेपर्यंत, बंधनकारक राहतो. अर्जासोबत उत्पादनाची प्रक्रिया, घटकांची टक्केवारी आणि लेबलचा नमुना जोडावा. ब्रोशर जोडू नये. त्यात चमच्यावरून ओघळणाऱ्या स्प्रेडच्या फोटोखेरीज कामाचे काही नसते.