चिपर विकत घ्यावा की भाड्याने आणावा?

छाटणी झाली की अंगणात फांद्यांचा ढीग पडतो, आणि चिपर, म्हणजे फांद्यांचे बारीक तुकडे करणारं मशीन, विकत घ्यायचा की भाड्याने आणायचा हे काही ठरत नाही. आधी टेप घ्या आणि ढिगातली सगळ्यात जाड फांदी बुंध्याकडच्या टोकाला आरपार मोजा.

1. साधारण 4 सेंटीमीटरच्या आत असेल आणि छाटणी वर्षभर थोडीथोडी चालत असेल, तर विजेवरचा छोटा चिपर घ्यायला हरकत नाही. पात्यांची धार आणि मशीन ठेवायला कोरडी जागा मात्र हिशेबात धरा.
2. फांद्या मनगटाएवढ्या, पण काम वर्षातून एकदोनदाच? भाड्यानेच आणा.

भाडं वेळेच्या हिशेबाने मोजतात. म्हणून मशीन येण्याआधी छाटणी उरका आणि फांद्या एकाच जागी, जाड टोकं एका दिशेला करून रचून ठेवा. नाहीतर निम्मा वेळ ओढाताणीतच जातो. खिळे, तारा, मुळांची माती आधीच काढा, पाती त्यानेच बोथट होतात. फांद्या फार सुकू देऊ नका, ओली फांदी सहज कापली जाते. शेजाऱ्यांकडेही ढीग असेल तर भाडं वाटून घ्या.

अडकलेली फांदी हाताने ढकलायची नाही. मशीन बंद करा, पाती पूर्ण थांबू द्या, प्लग काढा, मगच हात घाला.