लिनक्सवर हाताने टाकलेला प्रोग्राम मेन्यूत कसा आणायचा

टार फाइल उघडून किंवा ॲपइमेज (एकाच फाइलीत भरलेला अख्खा प्रोग्राम) उतरवून घेतलेला प्रोग्राम टर्मिनलमधून सुरू होतो, पण मेन्यूत त्याचा पत्ता नसतो. उबुंटूच्या एपीटी या साधनाने टाकलेलं पॅकेज स्वतःबरोबर एक छोटी लाँचर फाइल आणतं आणि मेन्यू तेवढ्याच फाइली वाचतो. हाताने टाकलेल्या प्रोग्रामसाठी ती फाइल आपणच लिहायची. ग्नोम, केडीई, सिनॅमन, एक्सएफसीई, या सगळ्या डेस्कटॉपवर तीच फाइल चालते.

उदाहरणाला आर्डुइनो बोर्डसाठी कोड लिहायचा प्रोग्राम, आर्डुइनो आयडीई २ घेऊ. नागपुरात सीताबर्डीतून बोर्ड आणला की अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना लगेच हाच प्रोग्राम लागतो, आणि त्याच्या अधिकृत साइटवर लिनक्ससाठी ॲपइमेज आणि झिप मिळते.

आधी प्रोग्रामची जागा पक्की करा. डाउनलोड्समध्ये ठेवू नका. कधीतरी साफसफाईत तो उडतो आणि मेन्यूतली नोंद मुकी होते. एकट्यासाठी हवा असेल तर होममध्ये एक फोल्डर पुरतो. कॉलेजच्या लॅबमध्ये मात्र एकाच मशीनवर अनेक जण लॉगइन करतात, तिथे /ऑप्ट हीच जागा. उबुंटू २१.०४ पासून नवीन वापरकर्त्याचं होम फोल्डर इतरांना वाचता येत नाही. त्यामुळे प्रोग्राम एकाच्या होममध्ये आणि मेन्यूतली नोंद सगळ्यांसाठी, असं केलंत तर बाकीच्यांनी क्लिक करूनही काहीच होत नाही.

फाइलच्या नावातला आवृत्तीचा आकडा काढून टाका, म्हणजे पुढची आवृत्ती त्याच नावाने ठेवली की लाँचरला हात लावावा लागणार नाही. मग सीएचमॉड +एक्स ही कमांड वापरून फाइलला चालण्याची परवानगी देऊन एकदा टर्मिनलमधून चालवून बघा. इथेच अडला तर मेन्यूचा दोष नाही. उबुंटू २२.०४ वर ॲपइमेजला लिबफ्यूज२ हे पॅकेज लागतं, २४.०४ वर त्याचं नाव लिबफ्यूज२टी६४ आहे. घाईत नुसतं फ्यूज नावाचं पॅकेज टाकू नका. ते फ्यूज३ ला हटवतं आणि त्यावर अवलंबून असलेले डेस्कटॉपचे भागही सोबत काढून नेऊ शकतं. सँडबॉक्सची (प्रोग्रामला बाकीच्या मशीनपासून वेगळं ठेवणाऱ्या कुंपणाची) तक्रार आली, जी २४.०४ वर बऱ्याचदा येते, तर कमांडच्या शेवटी --नो-सँडबॉक्स जोडल्यावर प्रोग्राम उघडतो. यात संरक्षणाचा एक थर जातो, म्हणून अनोळखी साइटवरून आणलेल्या प्रोग्रामला ही सवलत देऊ नये.

आता लाँचर. एकट्यासाठी होममधलं .लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स हे फोल्डर, सगळ्यांसाठी /यूएसआर/लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स. तिथे आर्डुइनो.डेस्कटॉप ही फाइल बनवा. खाली ओळी उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. फाइलमध्ये मराठी नाव सोडून सगळं रोमन लिपीत लिहायचं, बरोबर चिन्हाच्या डावीकडच्या शब्दाचं, पहिल्या ओळीतल्या दोन्ही शब्दांचं आणि ॲप्लिकेशन, डेव्हलपमेंट यांचंही पहिलं अक्षर मोठं, कंसातलं एमआर आणि ट्रू-फॉल्स छोट्या अक्षरांत:

[डेस्कटॉप एन्ट्री]
टाइप=ॲप्लिकेशन
नेम=आर्डुइनो आयडीई
नेम[एमआर]=आर्डुइनो
एक्झेक=/ऑप्ट/आर्डुइनो/आर्डुइनो.ॲपइमेज
आयकॉन=/ऑप्ट/आर्डुइनो/आर्डुइनो.पीएनजी
टर्मिनल=फॉल्स
कॅटेगरीज=डेव्हलपमेंट;

चौथी ओळ मराठी डेस्कटॉपसाठी. तिचं उजवीकडचं नाव खुशाल देवनागरीत लिहा, मेन्यूत नीट दिसतं. आयकॉन वेगळा मिळाला नाही तर ॲपइमेज --ॲपइमेज-एक्स्ट्रॅक्ट देऊन चालवा. तयार होणाऱ्या फोल्डरात तो सापडतो.

सगळ्यात जास्त घोळ एक्झेकच्या ओळीत होतो. ही ओळ शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांडी समजून घेणारा प्रोग्राम, वाचत नाही. होमसाठीचं टिल्ड चिन्ह किंवा डॉलर-होम इथे चालत नाही, पत्ता मुळापासून पूर्ण द्यावा लागतो. पत्त्यात मोकळी जागा असेल तर तो दुहेरी अवतरणात घाला. टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या बॅशआरसी फाइलमध्ये ठेवलेल्या सेटिंग्जही मेन्यूपर्यंत सहसा पोचत नाहीत, म्हणून जावावर चालणारे प्रोग्राम टर्मिनलमध्ये धावतात आणि मेन्यूतून गप्प बसतात. तिथे ओळीच्या सुरुवातीला एन्व्ह लिहून जावा-होमची किंमत तिथेच द्यावी. स्वतःच्या फोल्डरातल्या फाइली शोधणाऱ्या प्रोग्रामसाठी पाथ= ही ओळ जोडून त्या फोल्डरचा पत्ता द्या. फाइलवर उजवं क्लिक करून त्याच प्रोग्रामने उघडायची असेल तर एक्झेकच्या शेवटी %एफ हवा, आणि फाइलचा प्रकार सांगणारी माइमटाइपची (MimeType) ओळही.

दुसऱ्या प्रोग्रामची लाँचर फाइल उचलून बदलणं सोपं वाटतं, पण त्यात दोन सापळे आहेत. जुन्या फाइलमधली नेम[एमआर] ओळ राहून गेली, तर मराठी डेस्कटॉपवर जुनंच नाव दिसत राहतं, तुम्ही नेम कितीही बदला. आणि ग्नोमच्या काही फाइलींत डीबसॲक्टिव्हेटेबल=ट्रू (DBusActivatable=true) असतं; ते राहिलं तर डेस्कटॉप एक्झेककडे बघतच नाही. त्यापेक्षा वरच्या आठ ओळी कोऱ्या फाइलमध्ये लिहिलेल्या बऱ्या.

फाइल तयार झाली की डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट चालवा, चुकलेली ओळ ते दाखवतं. ही कमांड डेस्कटॉप-फाइल-युटिल्स या पॅकेजमध्ये असते. त्यानंतर टर्मिनलमध्ये जीटीके-लाँच आर्डुइनो ही कमांड द्या. यातून प्रोग्राम उघडला, पण मेन्यूत नाही, तर एडिटरने नावामागे .टीएक्सटी चिकटवलंय का बघा. ॲप्लिकेशन्स फोल्डर आत्ताच बनवलं असेल तर एकदा लॉगआउट करून परत या. विंडोजवर लिहून आणलेल्या फाइलीत ओळींचा शेवट वेगळा असतो, त्याने पत्त्याच्या टोकाला न दिसणारं अक्षर लागतं. डॉस२युनिक्स चालवलं की ते जातं.

उरतो तो डॉकचा, म्हणजे कडेच्या आयकॉनपट्टीचा प्रश्न. लाँचर पिन केलाय, पण प्रोग्राम उघडल्यावर शेजारी दुसराच करडा आयकॉन येतो. खिडकी आणि लाँचर यांचं नातं डेस्कटॉपला जुळवता आलेलं नसतं. पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणा दोन, एक्स११ आणि वेलँड. एक्स११ वर टर्मिनलमध्ये एक्सप्रॉप चालवून त्या खिडकीवर क्लिक करा आणि डब्ल्यूएम-क्लासच्या ओळीतलं दुसरं नाव घ्या. वेलँडवरच्या ग्नोममध्ये ऑल्ट-एफ२ दाबून एलजी लिहिलं की विंडोजच्या यादीत ते मिळतं. ते नाव, छोटी-मोठी अक्षरं तशीच ठेवून, लाँचर फाइलमध्ये स्टार्टअपडब्ल्यूएमक्लास= (StartupWMClass=) पुढे लिहा. मग प्रोग्राम बंद करून मेन्यूतूनच पुन्हा उघडा.