गुलाबी बोंडअळी: कवडी दिसेपर्यंत थांबू नका, या चुका टाळा

कपाशीचं बोंड फोडल्यावर कवडी, म्हणजे अळीने खराब केलेला किडका कापूस निघाला, की आपण औषधाच्या दुकानाकडे धावतो. तोवर उशीर झालेला असतो. अंड्यातून निघालेली अळी लगेच पात्यात (फुलाच्या कळीत), फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते आणि बोंड वाढताना तिचं छिद्र बुजून जातं. मग बाहेरून कितीही फवारा, आतल्या अळीला औषध लागत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक शेतात ठेवणं. जानेवारीत पाणी देऊन थोडा कापूस निघतो खरा, पण अळीला खाणंही मिळत राहतं. डिसेंबरअखेर शेत मोकळं करा. पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडं) बांधावर रचून ठेवण्याची सवयही सोडाच, कारण वाळक्या किडक्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत राहते आणि पाऊस पडल्यावर पतंग होऊन बाहेर येते. मे महिन्यात लागवड केली असेल, तर नेमक्या त्याच वेळी तिला पात्या तयार मिळतात.

‘बीटी (बोंडअळीला मारणारं जनुक घातलेलं वाण) आहे, काही होत नाही’ हा भरवसा 2017 मध्ये विदर्भ-मराठवाड्यात किती नडला ते आपण पाहिलं. बीजी-2 या बीटी वाणाला ही अळी आता दाद देत नाही. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. घाईघाईने दोन-तीन औषधं एकत्र कालवून, तोंडाला काही न बांधता, डोक्याएवढ्या कपाशीत शिरण्याची वेळ कुणावरच येऊ नये.

मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे कामगंध सापळे बरेच जण लावतात, पण मोजत नाहीत. लागवडीनंतर 45 दिवसांच्या सुमारास एकरी दोन सापळे, पिकापेक्षा थोडे उंच. रोज सकाळी पतंग मोजून वहीत लिहा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले, की फवारणीची वेळ झाली. ल्यूर (सापळ्यातली वासाची गोळी) वेळेवर बदला.

पाकळ्या न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली डोमकळी दिसली, की तोडून आतल्या अळीसकट नष्ट करा. पात्या लागताना 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं सुरुवातीलाच वापरू नका, पांढरी माशी वाढते.

पुढे दर आठवड्याला शेतात फिरून 20 हिरवी बोंडं फोडा. दोनांत अळी निघाली, तर त्याच दिवशी सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारून शिफारशीतलं एकच औषध आणा.