स्टॅनेजला हेदर बघायला निघताय? आधी चिमटा घ्या

इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधल्या स्टॅनेज एज या कड्यावरचं हेदर, म्हणजे जांभळ्या फुलांची झुडपं, ऑगस्टमध्ये फुलतं. जूनमध्ये जाऊन तपकिरी झुडपं बघून परत यायचं नसेल तर ऑगस्टचा दुसरा-तिसरा आठवडा धरा आणि आदल्या दिवशी मेट ऑफिसचा (ब्रिटनच्या हवामान खात्याचा) पीक डिस्ट्रिक्टसाठीचा डोंगरी अंदाज बघा. शेफिल्डचं हवामान बघून निघू नका. खाली ऊन असतं आणि वर कड्यावर वारा नुसता झोडपत असतो.

पिशवीत सगळ्यात आधी गोचीड काढायचा बारीक टोकाचा चिमटा टाका. पाणी, डबा, टोपी ही यादी प्रत्येकाला पाठ असते, चिमटा मात्र कुणाच्याच यादीत नसतो. मागच्या वेळी आमच्याकडेही नव्हता. परतीच्या गाडीत एकीच्या गुडघ्यामागे गोचीड सापडला आणि अख्ख्या टोळक्यात एकाकडेही चिमटा निघाला नाही. भुवया कोरायचा रुंद, बोथट चिमटा चालत नाही. त्याने गोचिडाचं पोट दाबलं जातं आणि नेमकं तेच होऊ द्यायचं नसतं. औषधांच्या दुकानात बारीक टोकाचा चिमटा मिळतो, प्लॅस्टिकचा आकडाही मिळतो. आकडा फिरवून काढायचा असतो, चिमटा सरळ वर ओढायचा असतो. पाकिटावरचं घरीच वाचा, गाडीत नको.

सह्याद्रीत पावसाळ्यात हिंडलेल्यांना जळवांची सवय असते. जळू दिसते, रक्त दिसतं, मीठ टाकलं की सुटते. गोचिडाचं तसं नाही. त्याचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, चावलेलं कळत नाही आणि ते तासन् तास चिकटून राहतं. हेदरमध्ये असतं, पण त्याहून जास्त कड्याखालच्या नेच्यांत. ब्रॅकन म्हणतात तो नेचा ऑगस्टमध्ये छातीपर्यंत वाढलेला असतो आणि पायवाट त्याच्या मधूनच जाते. म्हणून हाफ पँट नको. कितीही उकडलं तरी नको. फिक्या रंगाची पायघोळ पँट घाला, म्हणजे चढणारा गोचीड दिसतो. तिची टोकं मोज्यात खोचा. फोटोत वाईट दिसेल, दिसू दे. उघड्या कातडीला डीईईटी असलेलं, किडे दूर ठेवणारं औषध लावा.

कपड्यांचं बाकी थोडक्यात. घोट्याला आधार देणारे, पकड असलेले बूट आणि वारा अडवणारं जाकीट, ऑगस्ट असला तरी. छत्री आणू नका.

पाणी माणशी दोन लिटर. वर नळ नाही, सावली नाही. कड्याच्या माथ्यावर खडकात कोरलेल्या छोट्या कुंड्या दिसतील, प्रत्येकीवर क्रमांक कोरलेला आणि पाणी वाहून यावं म्हणून खडकात बारीक पन्हळी काढलेल्या. ग्राउस पक्ष्यांना पाणी मिळावं म्हणून त्या पूर्वी कोरून घेतलेल्या आहेत. बघत बसाव्यात अशा आहेत. त्यातलं पाणी पिऊ नका. खायला दशम्या, चटणी, चिक्की, जे वाऱ्यात उभ्याने खाता येईल ते. बिलबेरीची झुडपं हेदरच्या शेजारीच असतात. मुलं ती तोडायला बसली की उठल्यावर त्यांचे पाय तपासा. का ते वर सांगितलं आहे.

आग अजिबात नको. चहासाठी थर्मास न्या. एकदा वापरून टाकून द्यायचा बार्बेक्यू, स्टोव्ह, सिगरेट यातलं काहीही वर नेऊ नका. खालची माती पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची आहे, ती आतल्या आत धुमसते आणि विझवता विझत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात सॅडलवर्थ मूर (मूर म्हणजे उघडं डोंगरी माळरान) पेटलं तेव्हा लष्कर बोलवावं लागलं होतं. कुणी "एवढ्याने काय होतंय" म्हणाला तर त्याला खालीच थांबवा.

रस्ता: मँचेस्टर-शेफिल्ड मार्गावर हॅदरसेज स्टेशनला उतरा. तिथून नॉर्थ लीसवरून, झाडीतून वर कड्यावर. उत्तरेला हाय नेब, ४५८ मीटर, हा सगळ्यात उंच भाग. तिथून मागे वळून कड्याच्या काठाकाठाने अप्पर बर्बेज ब्रिजपर्यंत आणि मग खाली हॅदरसेजला. दिवसभराचं काम आहे. ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल१ नकाशा कागदाचा घ्या, कारण धुकं उतरलं की वरच्या सगळ्या वाटा सारख्याच दिसतात आणि फोनची बॅटरी त्याच दिवशी दगा देते. काठावर सेल्फी नको. काही ठिकाणी सरळ वीसेक मीटरचा कडा आहे, ग्रिटस्टोनवर वाळू असली की बूट घसरतो आणि खाली गिर्यारोहक दोर लावून चढत असतात, त्यांच्या डोक्यावर दगड जाऊ देऊ नका. कड्याच्या पायथ्याशी अर्धवट घडवून सोडून दिलेली दगडी जाती पडलेली आहेत, त्यांच्यापाशी जेवायला बसा, वारा लागत नाही. बसण्याआधी खाली चटई टाका. आणि उठल्यावर पुन्हा तेच: गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली, मोज्याच्या कडेला बघा.

१२ ऑगस्टपासून ग्राउसच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. आजूबाजूच्या मूरवर बंदीचा फलक असेल तर वाद न घालता मागे फिरा. पक्षी मात्र पायाजवळून एकदम फडफडत उठतो, काठावर असाल तर दचकून पाऊल चुकेल, म्हणून काठापासून आतल्या बाजूनेच चाला.

कुणी पडलं तर ९९९ लावा, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. फोन लागत नसेल तर शिट्टी: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. शिट्टी एकाच्या गळ्यात हवी, पिशवीच्या तळाशी नको.

उतरताना गुडघे दुखतात, सावकाश उतरा. लोकल साधारण तासाला एक असते, वेळ बघून ठेवा. कचरा परत आणा.

घरी गेल्यावर कितीही दमला असलात तरी झोपायच्या आधी अंघोळ करा आणि काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागचा भाग, बेंबी तपासा. मुलांचे केस आणि कानांच्या मागेही बघा. गोचीड दिसला तर कातडीला अगदी लागून चिमट्याने धरा आणि न पिळता सावकाश सरळ ओढा. तेल, रॉकेल, व्हॅसलीन, जळती उदबत्ती, आजीचा कुठलाही उपाय नको. जागा जंतुनाशकाने पुसा. जितक्या लवकर निघेल तितका लाइम रोगाचा (गोचीड चावल्याने होणाऱ्या आजाराचा) धोका कमी, म्हणून चिमटा गाडीतही हाताशी हवा, घरच्या कपाटात असून उपयोग नाही. कपडे गरम ड्रायरमध्ये फिरवा.

ज्याला गोचीड चावला त्याने तारीख लिहून ठेवावी. लाल पुरळ बहुधा चार आठवड्यांच्या आत उठतं, कधी तीन महिन्यांपर्यंतही. ते पसरत गेलं किंवा तापासारखं वाटलं तर जीपीकडे (तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे) जाऊन तारीख आणि जागा दोन्ही सांगा.