झाड तोडलं की आधी बुडखा बघा

झाड तोडलं की सगळ्यांचा डोळा सरळ ओंडक्यावर. लाकूडकामासाठी मला विचाराल तर तो खुशाल जाऊ द्या; बेचकं आणि बुडखा मागून घ्या. फांद्या फुटतात तिथे आणि खोड मुळांत उतरतं तिथे लाकडाचे धागे एकमेकांत पिळलेले असतात. तिथली नक्षी सरळ फळीत सापडत नाही. सरपणवाल्यांना नेमकं तेच नकोसं असतं, कारण ते कुऱ्हाडीला दाद देत नाही. अर्थात, मालकाला विचारल्याशिवाय काडीही उचलायची नाही.

वादळात उन्मळलेलं झाड असेल तर जपून. खोड कापलं की मातीसकट आडवा झालेला मुळांचा गड्डा झटक्यात परत खड्ड्यात बसू शकतो. त्या खड्ड्यात कुणी उतरायचं नाही, काही झालं तरी.

मुळं काढल्यावर करवतीची घाई नको. आधी पाण्याचा जोराचा फवारा, मग तारेचा ब्रश, मग खोबणीत स्क्रूड्रायव्हर. वाढताना मूळ खडे पोटात घेतं आणि एका खड्यावर करवतीचे दात जातात. बुंध्यात जुने खिळे असतात ते वेगळेच. कापलेल्या भागावर निळसर काळा डाग दिसला की थांबा: लोखंड आणि लाकडातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, मिळून तो रंग येतो. जवळपास खिळा किंवा तार असणारच. चुंबक फिरवून बघा.

आता खरं काम, आणि ते त्याच दिवशी. लाकडातलं पाणी बाजूंपेक्षा कापलेल्या टोकांतून कितीतरी पटींनी लवकर उडतं. टोक आधी आकसतं आणि भेगा आत धावतात. म्हणून टोकांवर वितळलेलं मेण किंवा उरलासुरला ऑइल पेंट जाड थापा. हात आखडू नका. मुळाचे धागे कुठल्याही दिशेला जातात, तेव्हा त्याची कापलेली प्रत्येक बाजू माखा. ओंडका घेतलाच असेल तर मधल्या मऊ ठिपक्यातून उभा चिरून दोन भाग करा. अख्खा गोल ठेवलात तर तडा ठरलेला. लांबी दोन्हीकडे 10–15 सेंटिमीटर जास्त धरा, टोकं पुढे कापून टाकावी लागतात.

सावलीत, वारं खेळेल अशा जागी, जमिनीपासून उचलून रचा. थरांमध्ये 2 सेंटिमीटरच्या कोरड्या पट्ट्या, खालच्या पट्टीच्या बरोबर वर वरची. जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष हा जुना हिशोब. मुळांना त्याहून जास्त. मी तुकड्यावरच खडूने तारीख आणि वजन लिहितो. महिनोन्‌महिने वजन हललं नाही की रंधा लावायचा.

साल मात्र सुरुवातीलाच काढा, तिच्याखाली किडे आयते पोसले जातात. आणि वाळताना ढिगाखाली पिठीसारखा भुसा पडलेला दिसला, तर तो तुकडा त्याच दिवशी बाजूला काढा, बाकीच्यांना लागण व्हायच्या आत.